पूर्णगडहून आणलेलं रक्त

रत्नागिरीला जाऊन आले म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, काय काय आणलंस? ऑक्टोबर होता, त्यामुळे आंब्याची आशा कोणी धरली नव्हती. पण कोकम, काजू, फणसपोळी यांच्यावर शेजारणींचा डोळा होताच. मी रक्त आणलं. तेवढंच आणायला गेले होते, आणि त्यातलंही बरंचसं वाटेत नासलं. त्या नासलेल्या रक्ताबद्दल आणि ते ज्या मुलीचं होतं तिच्याबद्दल हे लिहिते आहे. माणसांची नावं बदलली आहेत, गावांची नाहीत.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. डासांमुळे होणाऱ्या तापांसाठी बाजारात रक्ततपासणीचे जे किट येतात, त्यांची आम्ही परीक्षा घेतो. थोडक्यात तपासणीची तपासणी. यंदा आमच्यापुढे झिकाचे तीन किट होते, तीन वेगळ्या कंपन्यांचे. तिघांनाही एकच रक्त द्यायचं आणि कोण काय सांगतं ते ताडून बघायचं. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की झिका आणि डेंगी हे विषाणू सख्ख्या बहिणींसारखे. ताप येऊन गेला की शरीर त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं तयार करून ठेवतं आणि किट रक्तात ती प्रतिपिंडं शोधतं. पण बहिणींना पाठमोरं बघून भलत्याच नावाने हाक मारावी तसं डेंगीच्या प्रतिपिंडांना बघून झिकाचं किट 'सापडला, सापडला' म्हणून ओरडतं. कुठलं किट किती वेळा असं फसतं हे शोधायला डेंगी येऊन गेलेल्या माणसांचं रक्त हवं होतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ते मुबलक मिळेल असं कळलं, म्हणून निघाले.

मांडवी

मुक्काम मांडवीला होता. तिथली वाळू काळी आहे, आणि ती पायाला लागली की खोलीभर होते. सोबतीला प्रमोद होता. हा तिथला लॅब टेक्निशियन, रक्त काढण्यापासून गाडी चालवण्यापर्यंत सगळं तोच करणार होता. चाळिशीचा, किडकिडीत माणूस. वाक्याचा शेवट असा वर उचलतो की साधं विधानही प्रश्न वाटावं. पहिल्या दिवशी मी त्याच्या निम्म्या वाक्यांना उत्तरं देत बसले.

संध्याकाळी किनाऱ्यावर हिंडताना माझा स्वभाव आडवा आला. ओढून ठेवलेल्या होड्यांच्या कडांना जुने टायर बांधलेले असतात. त्यात पावसाचं पाणी साचलेलं, आणि त्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. डेंगीच्या डासाला याहून चांगलं घर सापडणार नाही. जाळं शिवत बसलेल्या एका माणसाला मी लगेच व्याख्यान दिलं, टायरला खालून भोकं पाडा, पाणी साचणार नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, बोट धक्क्यावर आपटली की टायर लागतो," तो म्हणाला. "डास काय आपटत नाय."

प्रमोद तोंड फिरवून हसला. मी चिडले, पण रात्रीच्या जेवणात तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी आणि तांदळाची भाकरी आली, तेव्हा राग ताटाखाली गेला. पुण्यात मी ज्याला सोलकढी म्हणते ते बहुधा गुलाबी पाणी असावं, असं त्या दिवशी वाटलं. मच्छरदाणीला मात्र भोक होतं. मी ते रुमालाने बांधलं. डासांवर पगार घेणारी बाई डासांना भिऊन झोपते याची प्रमोदला फार गंमत वाटली.

पूर्णगड

दुसऱ्या दिवशी भाट्याचा पूल ओलांडून पावसमार्गे पूर्णगडला गेलो. सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळपठारावरचं, गवत पिकून सोनेरी झालं होतं आणि मधे मधे जांभा दगड काढलेल्या चिरेखाणींचे चौकोनी खड्डे पाण्याने भरलेले होते. प्रमोद म्हणाला, इथे चिरा काढून झाला की खाण तशीच सोडतात, पोरं पोहतात. मला त्या खड्ड्यांत पोहणारी पोरं दिसत नव्हती, अळ्याच दिसत होत्या. धंद्याने माणसाची नजर अशी खराब होते. खाडी मात्र सुंदर होती. टेकडीवरचा किल्ला इतका लहान आहे की खालून बघताना कोणाच्या तरी घराभोवतीचा दगडी गडगा वाटतो.

गावातल्या समाजमंदिरात शिबिर लावलं. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. मी प्रमोदला विचारलं, रक्त द्यायला एवढं नटून? तो म्हणाला, पुण्याची मॅडम येणार म्हणून. शहरात रक्त देणारा आधी विचारतो, किती वेळ लागेल. इथे कोणी काही विचारत नव्हतं. बाही वर करत होते, दंड पुढे करत होते आणि मग कडेला बसून ज्याच्यावर सुई चालली आहे त्याला धीर देत होते. प्रत्येकाच्या बोलण्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. गणपतीला मुंबईकर आले आणि जाताना ताप ठेवून गेले.

दुपारी वीज गेली. काढलेलं रक्त यंत्रात गरगर फिरवून त्यातलं पिवळं पाणी, म्हणजे सिरम, वेगळं करावं लागतं. तपासणी त्या पाण्याचीच होते. यंत्र बंद पडलं आणि वीज संध्याकाळशिवाय येत नाही असं कळलं. इलाज एवढाच होता की नळ्या तशाच थंड पेटीत घालून पुण्याला पाठवायच्या आणि फिरवणं तिथे करायचं. असं न फिरवलेलं रक्त थंड जागी एक दिवस टिकतं. मला ते आवडलं नव्हतं, पण चाललं असतं.

तेवढ्यात एक मुलगी आत आली. पंचविशीतली असेल. पाचवा महिना चालू होता आणि तो दिसत होता. तिचं नाव सायली. सोबत सासरे होते, गावात सगळे त्यांना नाना म्हणतात. सगळं आयुष्य बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणून काढलेला, उन्हाने करपलेला, ताठ म्हातारा. नवरा निलेश जहाजावर नोकरीला, तेव्हा कुठल्या समुद्रात होता ते घरच्यांनाही नीट ठाऊक नव्हतं.

सायलीने दोन रिपोर्ट माझ्यापुढे ठेवले. गणपतीत तिला ताप आला होता, अंगावर पुरळ उठलं होतं. ताप दोन दिवसांत गेला. पण डॉक्टरांनी गरोदर आहे म्हणून रक्त तपासायला लावलं. रत्नागिरीतल्या एका खाजगी लॅबचा निकाल आला, झिका पॉझिटिव्ह. तिचा भाऊ कोल्हापूरला असतो, त्याने तिथे पुन्हा तपासून घेतलं. तिथे निगेटिव्ह.

"एकाच हाताचं रक्त, ताई," ती म्हणाली. "एकाच आठवड्यात काढलेलं."

झिकाचा ताप आईला फारसं काही करत नाही. पोटातल्या बाळाला करतो, नेहमी नाही, पण करतो तेव्हा मेंदूच वाढू देत नाही. डॉक्टरांनी तिला हे स्पष्ट सांगितलं होतं. सोनोग्राफीत बाळाच्या डोक्याचं माप ठीक होतं, पण ठीकच्या खालच्या टोकाला. गर्भाभोवतालचं पाणी मुंबईला तपासून मिळतं, पण त्यात विषाणू सापडला नाही म्हणजे तो नव्हताच असं म्हणता येत नाही. गर्भ काढून मोकळं व्हायचं असेल तर कायद्याची मुदत संपायच्या आत ठरवा, असं डॉक्टर म्हणाले होते. निलेशचा जहाजावरून फोन आला की तो म्हणायचा, डॉक्टर म्हणतात तसं कर. डॉक्टर म्हणायचे, तुम्ही ठरवा. सासूबाईंनी ग्रामदेवतेला कौल लावला होता. मूर्तीला लावलेली उजवी कळी पडली, म्हणजे मूल ठेवा.

"देवीनं उजवा दिला, कोल्हापूरनं निगेटिव्ह, रत्नागिरीनं पॉझिटिव्ह," सायली म्हणाली. "आता तुमच्याकडं तीन मशिनी हायत म्हणतात. मी कुणाचं धरू?"

नियम असा आहे की आमच्या अभ्यासात रक्त देणाऱ्याचं नाव राहत नाही आणि निकाल कोणाला कळवायचा नसतो, कारण आम्ही माणूस तपासत नसतो, किट तपासत असतो. तो नियम मी कित्येक वर्षं बिनतक्रार पाळला आहे. त्या दुपारी मी तो मोडायचं ठरवलं. तीन किटांच्या वर एक पंच असतो. प्रयोगशाळेत बशीत पेशी वाढवतात, त्यावर जिवंत विषाणू सोडतात आणि त्यात या माणसाचं सिरम घालतात. सिरमने झिकाला रोखलं आणि डेंगीला नाही, तर ताप झिकाचा. उलट झालं तर डेंगीचा. हे काम वेळखाऊ आहे, आठवडा तरी जातो, म्हणून खाजगी लॅब त्याच्या वाटेला जात नाहीत. मी सायलीला म्हटलं, तुझ्या रक्ताची ही परीक्षा मी करून घेते आणि जे येईल ते तुला सांगते.

तिने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. बाही वर केली आणि भिंतीकडे बघत बसली. प्रमोदने दोन नळ्या भरल्या.

जेवण नानांच्या घरी. सासूबाईंनी बांगडे तळले होते, कुळथाचं पिठलं, भात. माझ्याशी त्या फार बोलल्या नाहीत, वाढत मात्र राहिल्या. नाना बोलत होते. त्यांची थोरली मुलगी ठाण्याला असते, तिला ते दर आठवड्याला मासळी पाठवतात, एसटीने नाहीतर खाजगी बसने. पॅकिंग स्वतः करतात. बर्फ कसा फोडायचा, थर कसे द्यायचे, खोका कसा बांधायचा हे त्यांनी मला हाताने हवेत करून दाखवलं.

"ठाण्यात उघडला खोका तरी सुरमईचा डोळा असा चमकतो," ते म्हणाले. "माझी पोर म्हणते, नाना, समुद्रच पाठवलात."

प्रश्न पुढचा होता. आम्हाला तिथून थेट संगमेश्वरकडे जायचं होतं, नळ्यांची पेटी मात्र रत्नागिरीच्या स्टँडवर पोचवून संध्याकाळच्या पुण्याच्या गाडीत द्यायची होती. त्या गाडीचा ड्रायव्हर प्रमोदच्या ओळखीचा होता. नाना लगेच उठले. पेटी मी नेतो म्हणाले. सुनेचं रक्त त्यात आहे, दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचं नाही. प्रमोदने पेटी बंद केली, त्यात गार केलेल्या जेलच्या पिशव्या होत्या. "थंड राहायला हवी, नाना," तो म्हणाला. नाना म्हणाले, "थंडाचं तुमी मला सांगू नका." आम्ही सगळे हसलो. सायलीही हसली.

संगमेश्वर

हायवेचं काम चालू होतं, त्यामुळे संगमेश्वरपर्यंतचा प्रवास लाल धुळीतून झाला. धूळ दातात कचकचत होती. दोन नद्या मिळतात ती जागा प्रमोदने हौसेने दाखवली. पाणी उतरलं होतं, दगड उघडे पडले होते. खरं सांगायचं तर मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. डोकं पूर्णगडलाच होतं.

रात्र तिथेच काढली आणि दुसऱ्या दिवशी जवळच्या वाडीत एका म्हाताऱ्या आजींचं रक्त घेतलं. त्यांना चिकनगुनिया झाला होता आणि ताप जाऊन वर्ष उलटलं तरी बोटं वळत नव्हती. त्या भाकरी थापू शकत नाहीत, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. इतर काहीही चालेल, पण सुनेच्या हातची भाकरी खावी लागते.

"या टेस्टीनं बोटं सुटतील काय गो?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. मग कशाला टोचतेस, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण हात मात्र काढून घ्यायला लागल्या. प्रमोदने त्यांच्याशी शेतीच्या गप्पा मारल्या, भात किती झाला, रानडुकरांनी किती खाल्लं, आणि बोलता बोलता नळी भरून घेतली. मी अंगणात उभी होते तेव्हा फोन वाजला. पुण्याहून अश्विनी, माझी सहकारी.

"पूर्णगडच्या नळ्या आल्या," ती म्हणाली. "तू डीप फ्रीजमधून पाठवल्यास का?"

मला कळेना. तिने सांगितलं, पेटी उघडली तेव्हा नळ्यांतलं रक्त घट्ट गोठलेलं होतं. वितळल्यावर सगळं एकजात लालभडक झालं. पिवळं पाणी कुठेच नाही. रक्त गोठलं की त्यातल्या लाल पेशी फुटतात आणि सगळं एक होऊन जातं. असं रक्त किटाला दिलं की किट वाटेल ते सांगतं, आणि पेशींच्या बशीत घातलं तर पेशीच मरतात. अख्ख्या गावाचं रक्त वाया गेलं होतं. मला त्या क्षणी गावाचं काही वाटलं नाही. मला दोन नळ्या दिसत होत्या.

मी प्रमोदवर तोंडसुख घेतलं. आजींच्या अंगणात, त्यांच्या सुनेदेखत, जे सुचेल ते बोलले. त्याने खिशातून फोन काढला, नानांना लावला आणि आवाज मोठा केला.

"पोचली का पेटी?" नानांचा आवाज आला, खुशीत. "अजून बर्फ असेल बघा त्यात. गाडी उशिरा आली ना. मी हात लावून बघितला तर तुमच्या त्या पिशव्या नरम पडलेल्या. म्हटलं, हे काय पुण्याला जायचं नाय. बंदरावर गेलो, बर्फ घेतला, फोडला, आणि जाडं मीठ घातलं मधे मधे. मिठानं बर्फ कडक राहतो. खोका अगदी मासळीचा बांधतो तसा बांधला."

मीठ घातलं की बर्फाची थंडी शून्याच्या खाली जाते. कोकणच्या किनाऱ्यावरच्या कोणाही माणसाला ते माहीत आहे, आणि सुरमईला ती थंडी मानवते. थंड ठेवा असं आम्ही सांगितलं होतं. गोठवू नका हे कोणीच सांगितलं नव्हतं, कारण पुण्यात ते कोणाला सांगावं लागत नाही.

प्रमोदने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नको म्हटलं. त्याने नानांना सांगितलं, हो, पोचली, आम्ही उद्या येतोच आहोत तिकडे. मग गाडीत बसून तो म्हणाला, "मॅडम, त्यांनी जीव लावून केलं." मला ते ऐकवत नव्हतं. त्याची माफी मी रत्नागिरीला पोचेपर्यंत मागितली नाही, मग मागितली.

पुन्हा पूर्णगड

सकाळी गेलो तेव्हा सासूबाई अंगण सारवत होत्या. आम्हाला बघून त्यांनी हात धुतले आणि काही न विचारता पेज आणि लोणचं आणून ठेवलं. या घरातली ही पद्धत मला तेव्हा जड गेली. आमच्याकडे वाईट बातमी दारातच विचारून घेतात. इथे आधी खायला लागतं. ऊन ऊन पेज खाल्ल्यावर मग तोंड उघडायचं.

मी सांगितलं. रक्त गोठलं, पुन्हा काढावं लागेल. कशामुळे गोठलं ते मी गुळमुळीत ठेवणार होते, वाटेत काही झालं म्हणणार होते. पण नाना काही दूधखुळे नव्हते. ते ओटीवर बसले होते, उठून माझ्यासमोर आले.

"मिठानं," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. ते परत जाऊन ओटीवर बसले आणि खाडीकडे तोंड करून राहिले. सासूबाई आत निघून गेल्या.

सायली माझ्याजवळ येऊन बसली. दंड पुढे केला. प्रमोद नळी भरत असताना ती हळू आवाजात बोलली, ते मला शब्दशः आठवतं.

"ताई, मी पुढच्या शुक्रवारी दवाखान्यात जाणार. डॉक्टरनी शेवटचा तोच दिवस धरलाय. गुरुवारी मला फोन करा. उत्तर आलं नाय तरी करा. नाय आलं, हेपण मला कळायला पाहिजे."

"तू काय ठरवलं आहेस?" मी विचारलं.

"डेंगी म्हणालात तर घरी येणार. झिका म्हणालात तर नाय." मग जरा थांबून ती म्हणाली, "तसं एक पोर हाय आमच्या शेजारच्या घरात. डोकं नाय वाढलं. वीस वर्षाचा झाला, त्याची आई त्याला अजून कडेवर घेते. ती बाई मी लग्न होऊन आल्यापासून बघतेय. माझा नवरा दहा महिने दर्यावर असतो. नाना-आई किती दिवस पुरणार?"

मी बाकीचा दौरा रद्द केला. दोन गावं राहिली, पुढची जबाबदारी प्रमोदवर टाकली आणि पेटी मांडीवर घेऊन पुण्याला आले. निघताना नानांना सांगायला ओटीवर गेले. ते पेटीकडे बघत नव्हते. मी म्हटलं, नाना, येते. त्यांनी नुसते हात जोडले. एवढा ताठ माणूस माझ्यापुढे हात जोडून उभा होता आणि मला त्याला काही देता येत नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते प्रमोदच्या गाडीत बसून पूर्ण केलं.

पुणे

अश्विनीने पेटी आली त्याच दिवशी काम सुरू केलं. तीन किटांचे निकाल लगेच आले. एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह, एक सीमेवर. आमच्या अभ्यासाच्या दृष्टीने हे रक्त सोन्यासारखं होतं, कारण किट कसे फसतात हे त्यात लख्ख दिसत होतं. अश्विनी तसं म्हणालीही. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने कागद बाजूला ठेवले.

पंचाचा निकाल गुरुवारी सकाळी वाचायचा होता. बशीत विषाणूने मारलेल्या पेशींचे पांढरे ठिपके दिसतात, ते मोजायचे. ठिपके कमी म्हणजे सिरमने विषाणूला रोखलं. मी दोनदा मोजले, अश्विनीने एकदा. सायलीच्या रक्ताने डेंगीला रोखलं होतं. झिकालाही रोखलं होतं. जवळजवळ सारखंच. दोघींपैकी एक दुसरीहून चांगली उठून दिसायला हवी, तरच नाव घेता येतं, असा जगभर मानलेला नियम आहे. इथे दोघी पाठमोऱ्याच राहिल्या. अशा रक्ताच्या पुढे आम्ही 'अनिर्णित' लिहितो. वाद असेल तर परीक्षा पुन्हा करतात, पण पुन्हा करायला आठवडा लागतो आणि उद्या शुक्रवार होता.

मी फोन केला. तिने पहिल्याच घंटेला घेतला.

"सांगता येत नाही, सायली," मी म्हटलं. "दोन्हींसारखं दिसतंय. डेंगी असू शकतो, झिका असू शकतो."

तिच्या मागे कोणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज येत होता.

"तुमच्या घरात असतं तर तुमी काय केलं असतं, ताई?"

माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. किटांना कोण कशाला विचारेल. मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खरं होतं. ती म्हणाली, "बरं. सांगितलंत ते बरं केलं," आणि फोन नानांकडे दिला. नानांनी एकच विचारलं. पहिलं रक्त चांगलं पोचलं असतं तर उत्तर आलं असतं काय?

मी म्हटलं, नाही, नाना, जवळजवळ खात्रीने सांगते, हेच आलं असतं.

"जवळजवळ," नाना म्हणाले.

शुक्रवारी ती दवाखान्यात गेली आणि मोकळी झाली. मला प्रमोदने दुसऱ्या दिवशी कळवलं. मी कारण विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

याला आता बरेच आठवडे झाले. अभ्यासाच्या नियमाप्रमाणे पूर्णगडच्या लोकांचं रक्त काही काळाने पुन्हा घ्यायचं होतं. जसे दिवस जातात तशी बहिणीवरून झालेली शरीराची उसनी ओळख विरत जाते आणि ज्या विषाणूने खरंच गाठलं होतं त्याचीच ओळख पक्की उरते. त्यामुळे उशिरा काढलेलं रक्त कधी कधी जे आधी सांगत नाही ते सांगतं. प्रमोद शिबिराला गेला तेव्हा त्याने सायलीला बोलावलं नव्हतं. ती आपण होऊन आली आणि रांगेत बसली. म्हणाली, गावातल्या दुसऱ्या कुठल्या बाईच्या वेळी तरी मशिनीला कळू दे.

मी हे लिहायला घेतलं तेव्हा तिला फोन करून विचारलं, लिहू का. ती आता बरी आहे असं म्हणाली. निलेश घरी येऊन गेला. नाना ठाण्याला मासळी पाठवत नाहीत, मुलीने विचारलं तर गाडी मिळत नाही म्हणतात.

"लिवा," सायली म्हणाली. "लोकांना कळू दे असं होतं म्हणून. फक्त त्या शेवटच्या रक्ताचं काय निघालं ते लिवू नका. मला पण सांगू नका. डेंगी निघाला तर मी त्याचं काय करू, आणि झिका निघाला तरी माझं पोर माघारी येत नाय. तुमी लिवलंत की मी वाचणार हाय, ताई. नाना पण वाचणार."

त्या शेवटच्या रक्ताचा निकाल मागच्या सोमवारी आला. या वेळी तो अनिर्णित नव्हता.